रिंग चार इंच खाली

४ फेब्रुवारी, मंगळवार

"रिंग कुणासाठी खाली येत नाही, आपण वर जायचं." मी नऊ वर्षांची होते, बास्केटबॉल रिंगमध्ये पडत नाही म्हणून रडत होते, तेव्हा बाबा म्हणाले होते. पुढे ते वाक्य संस्थेच्या क्रीडाकेंद्राच्या भिंतीवर गेलं. आता केंद्र मी बघते, त्यामुळे वाक्याला रंगाचा हातही मीच देते.

आज लीगचे पंच टेप घेऊन आले. शिडीवरूनच म्हणाले, "ताई, स्टोअररूमकडची रिंग चार इंच खाली आहे." मग भिंतीवरचं वाचलं. टेप गुंडाळायला लागले. सभ्य माणूस!

सोमवारपर्यंत वर घ्यायची, नाहीतर केंद्राच्या पोरींचे सामने दुसरीकडे.

५ फेब्रुवारी

देणगीत बुटांचं खोकं आलं. चौदा बूट, सगळे डाव्या पायाचे. आभाराचं पत्र लिहिलं.

६ फेब्रुवारी

वेल्डर बघून गेला. "खचली नाहीये, कुणीतरी मुद्दाम उतरवलीय. जुनी भोकं वर आहेत बघा. बुजवून रंग मारलाय."

म्हणजे आमच्या पोरी घरी वाघ, बाहेर शेळी, त्या यामुळे! आणि मी इतकी वर्षं त्यांना मन खंबीर करायची भाषणं देतेय.

मग आठवलं – दहाव्या वर्षी माझे बॉल अचानक पडायला लागले होते. बाबांनी माझ्यासाठी...

डाव्या बुटांच्या खोक्यावर बसून थोडी रडले.

७ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हो, मीच उतरवली."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला? तू काय, उंच होणारच होतीस." पान उलटलं. "तुझी आई दुपारी केंद्र झाडायला जायची ना. एकटी असली की बॉल टाकायची. रोज चार बोटं कमी पडायचा. मी खिडकीतून बघायचो."

"तिला सांगितलंत?"

"वेडी का काय! टाकायचंच बंद केलं असतं."

"मग पडला?"

"पहिल्याच दिवशी. इकडेतिकडे बघितलं आणि परत झाडायला लागली."

"परत वर का नाही घेतलीत?"

"ती येत होती ना अजून. तिचे गुडघे गेले तोवर माझ्या डोक्यातून गेलं."

८ फेब्रुवारी

आईला आडून विचारलं, केंद्रात कधी बॉल टाकलायस का.

"मला काय कामं नव्हती?"

भाजी निवडत होती. निवडलेली परत निवडायला घेतली.

९ फेब्रुवारी, रविवार

वेल्डर उद्या नऊला येणार. आज दुपारी केंद्र बंद, किल्ली माझ्याकडे. बॉलमध्ये हवा भरून ठेवलीय. आई गुडघ्यांचं कारण सांगेल, नाहीच म्हणेल. तरी आत जाऊन विचारते – "आई, केंद्र झाडायचंय. येतेस?"