गिदोनाचे अकरा

३ फेब्रुवारी, रविवार
आज चर्चचा एल्डर म्हणून गिदोनाचा धडा घेतला. बायबलमधलं शास्ते, अध्याय सात. देवाने गिदोनाच्या बत्तीस हजारांतले भित्रे घरी पाठवले, मग पाणी पिण्यावरून पारखून तीनशेच ठेवले. त्यांनी मडकी फोडली, मशाली दाखवल्या, शिंगं फुंकली आणि शत्रू, म्हणजे मिद्यानी, एकमेकांनाच कापत सुटले. मंडळी तल्लीन. फक्त माझा मेहुणा किसांग मागच्या बाकावर घोरत होता.
गुरुवारी नदीपलीकडचे चोर खालच्या वस्तीतली चाळीस गुरं घेऊन गेले, दोन गुराख्यांचे गळे चिरून. आता नंबर आमचा. पोलिसांची जीप पंक्चर आहे. देवाने हात दाखवायची वेळ आली आहे आणि तो हात बहुतेक मीच.

५ फेब्रुवारी
मीटिंग. प्लॅन मांडला. मला सोडून चव्वेचाळीस, म्हणजे फार झाले. किसांग म्हणाला, दाजी, कमी आहोत. विश्वास कमी, दुसरं काय!
मग जाहीर केलं, जो भ्यायला असेल त्याने घरी जावं. कुणी हललं नाही. फक्त माझी बायको चेमुताई उठली आणि म्हणाली, चला, मक्याची उगाली गार होतेय. बाईला प्लॅनिंग कळत नाही.

६ फेब्रुवारी, सकाळ
पाण्याची परीक्षा. सगळ्यांना शेताच्या पाटावर नेलं. ओंजळीने प्याला तो पास, पाण्याला तोंड लावलं तो घरी. किसांग आणि सगळे बंदूकवाले बांधाआड पालथे पडून प्यायले. तेहेतीस नापास! उभ्याने वाकून ओंजळीने प्यायले अकरा: शिंपी बार्नाबास, हेडमास्तर, न्हावी आणि कॉयरमधले आठ. बार्नाबास म्हणाला, इस्त्रीची पँट होती म्हणून टेकलो नाही. किती नम्र माणूस.
किसांग खवळला. म्हणाला, दाजी, इथे पाण्यावर उभा राहणारा म्हातारा होत नाही. दोन वर्षांत चौघं याच पाटावर उभ्याने गोळी खाऊन पडले, विसरलात? मी शांतपणे म्हटलं, नापास तो नापास. तो पचकन थुंकला आणि सगळ्या बंदुका घेऊन गेला.

७ फेब्रुवारी
सामान: मडकी अकरा (चार चेमुताईची, तिला पत्ता नाही), टॉर्च अकरा, फुटबॉल मॅचचे प्लास्टिकचे भोंगे अकरा. रिहर्सल झाली. न्हाव्याने मडकं स्वतःच्या पायावर फोडलं. तीन टाके. जोश उत्तम.
बार्नाबासने विचारलं, एल्डर, एखादी तरी बंदूक ठेवायची का? मी विचारलं, गिदोनाकडे होती का? त्याने भोंगा उचलला. त्याची बायको जेलिमो पोर कडेवर घेऊन दारात उभी होती. म्हणाली, यांच्याच्याने कोंबडी कापवत नाही हो. मी म्हटलं, कापायचंच नाही कुणाला, तीच तर गंमत आहे.

९ फेब्रुवारी, दुपार
पहाटे चोर आले. साठेक असतील. माझी माणसं गोठ्याभोवती. मी जरा मागे, मोक्याच्या जागी. शिट्टी दिली. मडकी फुटली, टॉर्च लागले, भोंगे वाजले.
मिद्यानी पळाले नाहीत. त्यांनी टॉर्चवर नेम धरले. हेडमास्तरांचा जबडा उडाला. कॉयरमधल्या एकाचं पोट फाटलं, तरी भोंगा ओठाला लावून फुंकत होता, आवाज येत नव्हता. बार्नाबासने टॉर्च विझवला नाही. विझवायचा नाही असं मीच बजावलं होतं. त्याला आधी गोळी लागली, मग कोयते.
तेवढ्यात पाटाकडून गोळीबार. किसांगसकट तेहेतीस नापास! घरी गेलेच नव्हते. बांधाआड पालथे पडून होते. तासभर चाललं. पाटाचं पाणी लाल झालं. त्यांची नऊ प्रेतं, आमची पाच. गुरं सगळी वाचली.
म्हणजे देवाने सोडवलंच. उद्याच्या धड्याचा मुद्दा: देव नापासांनाही वापरतो. चांगला मुद्दा आहे. बोटं आखडलीत, अक्षर नीट येत नाही. थकवा असेल.

१० फेब्रुवारी, रविवार
धडा झाला नाही. बाक रिकामे. सगळे कबरी खणायला गेले होते. मला कुणी बोलावलं नाही.
संध्याकाळी जेलिमो आली. रडली नाही. म्हणाली, एल्डर, एकच विचारते, गिदोन कुठे उभा होता? म्हटलं, सगळ्यांच्या पुढे. म्हणाली, आणि तुम्ही? मी तिला समजावलं की मोशे टेकडीवर हात उंच धरून उभा राहिला म्हणून इस्राएल जिंकला. मीही तसेच धरले होते, आंब्याच्या झाडावर. ती म्हणाली, शेवटी आमच्या यांनी तुम्हाला हाका मारल्या. पाटापर्यंत ऐकू आल्या म्हणे. आणि गेली.
ऐकल्या होत्या. तीन हाका. त्याच झाडाखाली पडला होता बार्नाबास.
हात वर नव्हते. दोन्ही हातांनी फांदी कवटाळून, डोळे मिटून बसलो होतो. उजाडल्यावर किसांग वर चढला आणि त्याने माझं एकेक बोट सोडवलं.