तुझं नाव कोरलेल्या वाट्या

अम्मी, तू गेलीस तेव्हा अबुधाबीबाहेरचं हे आपलं शाबिया अर्धंअधिक मोकळंच होतं. आता आलीस तर तुला तुझी गल्लीसुद्धा सापडायची नाही. पलीकडच्या मुसफ्फाच्या कारखानपट्टीतली वर्कशॉपं जिथल्या तिथे आहेत, पण रस्त्याच्या या बाजूला बिल्डिंगांना बिल्डिंगा चिकटल्यात. खाली मल्याळी माणसाची ग्रोसरी, तिला लागून पठाणाचा तंदूर, वर फिलिपिनो बायकांचं सलून, समोर मिसरी, म्हणजे इजिप्तचा, डॉक्टर. लोक कामाला अबुधाबीत जातात आणि राहायला इथे परत येतात, कारण तिथलं भाडं परवडत नाही. सगळी दुनिया एका लिफ्टमधून वरखाली करते आणि कुणी कुणाशी अक्षर बोलत नाही.

तुझ्या वेळी न बोलून भागायचंच नाही. एका व्हिलात कितीतरी कुटुंबं आणि सगळ्यांना मिळून एक किचन. मला अजून तो दिवस दिसतो. शेजारच्या बंगाली चाचीने खीर दिलेली, मी भांडं लख्ख घासून तिला नेऊन देते आणि मोठ्या ऐटीत परत येते. तू कांदा चिरता चिरता मान वर करतेस. ‘रिकामा भांडा दिलास? लाज नाय वाटली? काय नाय तर चिमूटभर साखर तरी घालूची!’ आणि मला साखर घेऊन पुन्हा पिटाळतेस. चाची हसतच सुटली होती. तुला मात्र त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नव्हतं.

यंदा माझ्यावरही शेजाऱ्यांवाचून न भागण्याची पाळी आली. तुझ्या जावयाची बदली लांब रुवैसच्या साइटवर झाली, तो फक्त सुट्टीला घरी येतो. लेकीची स्कूलबस दुपारी सोडते, माझं ऑफिस संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात तिला हक्काने बेल वाजवता येईल असं एक दार हवं होतं, आणि मजल्यावर माझी एकाशीही ओळख नव्हती. नाहीतर नोकरी सोडायची किंवा तिला रत्नागिरीला भाईकडे ठेवायचं. भाईने तर शाळेत बोलणंही करून ठेवलं. लेकीच्या कानावर ते गेलं. ‘आय ॲम नॉट गोइंग, मम्मा,’ एवढंच म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं.

ईदला मी कंबर कसली. पातेलंभर शीरखुर्मा केला, प्लास्टिकच्या डब्यांत भरला आणि मजल्यावरच्या प्रत्येक दारावर दिला. सगळे गोड हसले. शुक्रन, थँक्यू मॅडम, आणि दारं बंद. आठवडा गेला, एक बेल वाजली नाही. ‘या लोकांना रीतच नाही,’ मी फोनवर नवऱ्यापाशी चिडचिड केली. मग एकदा कचरा टाकायला गेले तर माझाच डबा तिथे पडलेला, चाटूनपुसून साफ. मी तिथेच हसायला लागले. फेकायच्या डब्यात द्यायचं आणि लोकांनी परत यावं म्हणून वाट बघायची! तुझी लेक, आणि एवढी अक्कल नसावी!

पुढच्या शुक्रवारी मी सांदणं उकडली ती तुझ्या स्टीलच्या वाट्यांत, तू रत्नागिरीहून नाव कोरून आणलेल्या. वाट्यांसकट वाटून आले. दुसऱ्याच दिवशी समोरची मल्याळी बाई दारात उभी, वाटीत केळ्याचे आप्पे. कोरलेल्या अक्षरांवर बोट फिरवत विचारते, ‘ये क्या लिखा है? कंपनी का नाम?’

‘मेरी अम्मी का नाम है.’

‘या अल्ला! और तुमने ऐसे ही बाँट दिया? मैं गुम कर देती तो?’ मग ती आत येऊन बसलीच. मागोमाग मिसरी बाईचा बसबूसा, तो पाकातला रव्याचा केक, आला, फिलिपिनो पोरींच्या शेवया आल्या. अम्मी, एकही वाटी रिकामी आली नाही, एकही नाही! आणि उठता उठता ती मल्याळी बाई म्हणाली, ‘बच्ची दोपहर में अकेली बैठती है क्या? मेरे पास भेजो ना, मैं तो घर में ही हूँ.’ मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. त्याच रात्री भाईला फोन केला आणि म्हटलं, ‘खलास. पोर इथेच राहतेय.’ लेक पलंगावर उभी राहून नाचत होती, आणि खरं सांगते, मीही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट कबूल करून टाकते. लेक आता दुपारचं समोरच्या मल्याळी बाईकडेच जेवते. त्या बाईची तांदळाची पथिरी तुझ्या भाकरीपेक्षा मऊ होते. तू हे ऐकलं असतंस तर बाह्या सावरून तडक परातीपुढे बसली असतीस. तेवढ्यासाठीच लिहिलं, अम्मी. तू चिडून यावंस म्हणून.