बांधलेली मी, पडलेले हे

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर तुमच्या बंधुराजांच्या तब्येतीवरून घरात चांगलंच वाजलंय, आणि उडत उडत तुमच्या कानावर जाण्याआधी हकिकत माझ्याकडून कळलेली बरी.

झोपलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे धावतं, ब्लडप्रेशर घसरतं आणि शरीर आपलं आपण ते सावरतं. ते किती झटकन सावरतं हे मोजणं हा ह्यांचा प्रयोगशाळेतला उद्योग. (घरात दूध उतू गेलं तर सावरायला मीच.) परवा साहेब प्रयोग बघायला यायचे होते आणि चाचणीसाठी ठरलेला माणूस नेमका आलाच नाही. झालं, माझी उचलबांगडी! मला एका अरुंद फळीवर झोपवलं, हातापायांना पट्टे आवळले, बोटाला प्रेशरची रेघ कागदावर काढणारा चिमटा लावला आणि वर बजावलं, अजिबात बोलायचं नाही, बोललीस की प्रेशर चढतं. (कोणाचं, ते मी विचारलं नाही.) मग बटण दाबलं आणि फळी मला घेऊन उभी राहिली. मी ठणठणीत! हे खुशीत माझ्या पायाचा पट्टा बघायला वाकले, बराच वेळ खुडबुड करून ताडकन उठले, आणि वन्सं, माझ्या डोळ्यांदेखत आडवे झाले. जगाचं सावरणं मोजणारा हा माणूस, आणि स्वतःचंच सावरेना! मी बांधलेली, हात सुटेना. अशी घाबरले म्हणून सांगू! गप्प बसायचा नियम धाब्यावर बसवून इमारत हलेल अशी ओरडले. साहेब धावत आले. बघतात तर एक बाई उभी बांधलेली, एक गृहस्थ जमिनीवर. आधी विचारतात काय, तर "यातला पेशंट कोण?"

पाय वर धरल्यावर हे शुद्धीवर आले. पाय घसरला म्हणाले. हल्ली अंथरुणातून उठतानाही भिंत धरतात, तेही घसरणंच बरं का!

बाकी सगळं ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ह्यांना वेळ नाही. माझं ऐकत नाहीत, तुमच्यापुढे मात्र अजून मांजर होतात. गुडघे दुखतात हे कळतंय, तरी येत्या रविवारी या आणि कान धरून न्या. मला खरंच भीती वाटते हो.

आणखी एक. हे पडले त्या क्षणी माझ्या प्रेशरची रेघ उसळून पार कागदाबाहेर गेली. ती चाचणी ह्यांनी बाद केली. यंत्रात बिघाड होता म्हणे! इतकी वर्षं संसार करून ह्या माणसाला एवढंही कळत नाही. आलात की तेही जरा समजावा.