कुहीतला कॉम्प्युटर इथून सुरू केला

मंगळवार, संध्याकाळ. नागपूर.

गेला एकदाचा अर्ज! शाळेच्या नोकरीसाठी सहापर्यंतच मुदत होती आणि अनुभवाचा दाखला कुहीला, घरच्या कॉम्प्युटरवर. तो इथून इंटरनेटवरून सुरू करून वापरायची सोय मीच दिवाळीत करून आले होते. पण आज सुरूच होईना. मग आठवलं, बाबा भिंतीवरचं बटन बंद करतात. कितीदा सांगितलं, तरी ते बटन बंदच.

फोन केला. "थांब वं, करतो चालू," बाबा म्हणाले. मी लॅपटॉपवरून पुन्हा प्रयत्न केला, तर फोनमध्ये ओरडलेच, "सुरू झाला! म्या हात नाही लावला वं!" इतके खूश, जणू मला नोकरीच लागली.

दाखला मिळाला, अर्ज पाठवला. मग म्हटलं, आता कॉम्प्युटर बंद करते.

"राहू दे ना थोडा वेळ. तू आतल्या खोलीत काम करून राहिली असं वाटते."

आई गेल्यापासून घरात एकटेच असतात. मला हे कधी जाणवलंच नव्हतं का?

बंद नाही केला. इथूनच तिकडच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाबा, जेवले का?'