मुन्सफसाहेबांची बोडी

कारधा, मंगळवार, संध्याकाळ

टायपिंग माझं, नकाशे माझे, शिवण माझी, खळसुद्धा मीच शिजवली. जुन्या काळच्या मुन्सफसाहेबांचं चरित्र असं तयार झालं. आज त्यांचे पुण्याचे नातू आले. "बोडीचं पान तेवढं काढा. लोक हसतील आजोबांना."

"काहून काढू?" मी म्हटलं.

साहेब तेव्हा नवखे, देशावरचे. कोर्टात एक शेतकरी म्हणाला, "बोडी माही आहे." साहेबांनी बोडकी बाई समजून, बाईवर कसली मालकी म्हणत दावा फेटाळला! आमच्याकडे बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं तळं. चूक कळल्यावर भर कोर्टात ती कबूल करून त्यांनी निकाल फिरवला. मग आमची बोली शिकले. खरे न्यायाधीश ते तिथूनच झाले. बोडी काढली तर पुस्तकात उरतं काय, नुसती पगडी?

शेवटी नातू पन्नास हजार देऊ लागले. म्हटलं, बोडी विकाऊ नाही.