आक्षेप क्रमांक एक : गोगलगाय

कर्वेनगर, पुणे
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

सौ. इंदुबाई यांना वैजनाथचा, मुलीच्या बापाने जितका वाकून करायला हवा तितका वाकून (कंबर परवानगी देईल तिथपर्यंत), नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नये. सगळे धडधाकट आहेत. हल्ली हाताने लिहिलेलं पाकीट दारात आलं की माणसं आधी खुर्ची शोधतात, म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकतो. बिबवेवाडीत आपण उभयता कुशल असाल. आप्पासाहेबांचा गुडघा आता जिना चढू देतो असं नम्रताकडून कळलं, बरं वाटलं. तिच्या आणि आनंदरावांच्या हिंजवडीच्या फ्लॅटवर परवा जाऊन आलो. आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू, खोकत नव्हते. मला बीपीची गोळी आहे तीच चालू आहे. फोन करता आला असता, पण आपल्या दोघांचा फोन कसा होतो हे आपण जाणताच. काय म्हणताय, मजेत ना, हो हो मजेत, थांबा हं यांच्याकडे देते. चार वर्षांत आपण याच्या पलीकडे गेलेलो नाही. आणि आज जे सांगायचं आहे ते आप्पासाहेबांकडे फोन देण्याच्या आत उरकणारं नाही.

नम्रताची आई जाऊन आता तीन वर्षं होतील. पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवण्यात माझा जन्म गेला. तिथे मुलं 'बरोबर सर' म्हणायची, कारण मार्क माझ्या हातात होते. घरी आलं की ही म्हणायची, चूक. भाजी चुकीची आणली, छत्री चुकीच्या खुंटीला लावली, वाक्य चुकीचं बोललात. त्यामुळे तोल राहायचा. आता घरात कोणी चूक म्हणायला नाही. नम्रता 'हो बाबा' म्हणते, आनंदराव 'अगदी बरोबर बाबा' म्हणतात (गुणी मुलगा आहे, पण अगदी बरोबर म्हणताना मोबाईल बघतो), सकाळच्या बागेतली मंडळी 'वा सर' म्हणतात. मध्ये मी बागेत मुद्दाम सांगून पाहिलं की पृथ्वी हल्ली जरा हळू फिरते. वा सर, म्हणाले. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं, इंदुबाई.

बापाचं हे असं चाललेलं पाहून नम्रताने मला लॅपटॉपवर एक ज्ञानकोश उघडून दिला. मराठीतला, इंटरनेटवरचा, कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं असा. (नगरपालिकेच्या भिंतीसारखी सोय आहे, फक्त जाहिराती नाहीत.) तिथे मी माझं आवडतं प्रकरण शोधलं : आर्किमिडीजचे सर्पिल. मधल्या बिंदूपासून निघून गोल गोल फिरत बाहेर जाणारी रेघ ती सर्पिल, आणि आर्किमिडीजच्या सर्पिलात दोन वेढ्यांमधलं अंतर आतून बाहेरपर्यंत तेवढंच राहतं. त्यावर सगळा मिळून दोन ओळींचा लेख होता, त्यातली एक ओळ 'हा लेख अपूर्ण आहे' अशी होती. मी 'कंपासपेटी' असं टोपणनाव घेतलं आणि तीन आठवडे घासून तो लेख ऐसपैस केला. इतिहास, समीकरण, रेखाटनाची कृती, उपयोग, सगळं. वर मुकुट म्हणून सोसायटीच्या कुंडीतल्या गोगलगायीचा झकास फोटो काढून लावला. आणि 'उत्तम लेख' असा जो तिथला शिक्का असतो त्यासाठी अर्ज केला.

नियम असा की दुसऱ्या कोणी तरी तटस्थ माणसाने लेख तपासायचा. माझा लेख 'बिनचूक' नावाच्या इसमाने उचलला. चेहरा नाही, वय नाही, गाव नाही. दुसऱ्या दिवशी लेखाच्या चर्चापानावर पहिला मजकूर आला तो असा : "आक्षेप क्रमांक एक. गोगलगाय काढावी." बास. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पुढे कारण दिलं होतं की गोगलगायीच्या शंखाचे वेढे बाहेर जातील तसे रुंद होत जातात, ते निराळं सर्पिल, त्याचा लेखही निराळा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने उभ्या आयुष्यात हजारभर पोरांकडून सर्पिलं काढून घेतली त्याला हे कोण शिकवणार? मी तणतणत डिव्हायडर काढला आणि पडद्यावरच्या गोगलगायीला लावला. पहिला वेढा, दुसरा वेढा, तिसरा वेढा. अंतर वाढत होतं. चांगलं ठसठशीत वाढत होतं. इतकी वर्षं मी वर्गात त्याच गोगलगायीचं उदाहरण देत आलो आणि एकाही कार्ट्याने हात वर केला नाही! मी गोगलगाय काढली. आणि इंदुबाई, खरं सांगतो, हसू नका, त्या रात्री मी पिठलं करून दोन भाकऱ्या खाल्ल्या. कित्येक महिन्यांनी जेवण अंगी लागल्यासारखं वाटलं. कोणीतरी माझं लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचलं होतं, आणि वाचून चूक म्हटलं होतं.

मग आक्षेपांची रांगच लागली. मी लिहिलं होतं की हे सर्वांना माहीतच आहे. त्यावर आक्षेप : सर्वांपैकी एकाचं नाव, पुस्तक आणि पान द्यावं. मी लिहिलं, हे सर्पिल अत्यंत सुंदर असते. आक्षेप : कोणाच्या मते? मी 'लेखकाच्या मते' असं घातलं, तर उत्तर आलं की लेखकाला मत नसतं. (हे ऐकलं असतं तर आमच्या हिने पेढे वाटले असते.) मी सकाळी उठून आधी दात घासायचो की आधी चर्चापान उघडायचो हे विचारू नका. एका तळटीपेसाठी शनिवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन धूळ खाल्ली, दुकानदाराकडून 'घ्यायचं नसेल तर उघडू नका' हे ऐकून घेतलं, आणि तरीही पान क्रमांक टिपूनच परतलो. गुडघे कुरकुरत होते, पण मी रिक्षात शीळ घालत होतो. रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं.

खरा तंटा झाला तो उदाहरणावरून. गोगलगायीच्या जागी काय? मी म्हटलं बाकरवडी. पुण्यात बसून दुसरं काय म्हणणार! बिनचूक म्हणाला, बाकरवडीला वेढे जेमतेम अडीच, त्यात सारण बाहेर आलेलं, अंतर कशाचं मोजणार? चकली घ्यावी. मी म्हटलं, चकली हाताने पाडतात, तिचे वेढे सारखे येतीलच याचा भरवसा काय? तो म्हणाला, पाडणाऱ्यावर आहे. इथे माझी जीभ सुटली. (मी मूळचा परभणीकडचा. टोचून बोलणं पुण्यात आल्यावर शिकलो, त्यामुळे हात अजून कच्चा आहे, थोडक्यात आटोपता येत नाही.) मी त्याला कोणी तरी आयटीतला, हॉस्टेलवर राहणारा, रात्री मॅगी खाणारा पोरगा समजत होतो. मी लिहिलं : बाळा, चकली दुकानातून पाकिटात येते एवढंच तुला ठाऊक दिसतं. एकदा घरी जा आणि चकली कशी पाडतात ते तुझ्या आईला विचार, म्हणजे वाद घालण्याआधी भाजणीत मोहन किती घालतात तेवढं तरी कळेल.

दोन दिवस मी तासातासाला चर्चापान उघडून पाहत होतो. मग उत्तर आलं. आईला विचारण्याचं प्रयोजन नाही, चकल्या आज घरी केल्या आहेत, छायाचित्र जोडलं आहे, मोजून घ्यावं.

मोजलं. चार वेढे, अंतर सारखं, कुठे तसूभर फरक नाही. जिला खुद्द आर्किमिडीजने नमस्कार करावा अशी चकली. मी ती पडद्यावर आणखी मोठी करत गेलो, शेवटचा वेढा तपासायला, तर चकलीच्या कडेला स्टीलच्या ताटावर कोरलेली अक्षरं दिसायला लागली. 'सौ. इंदुबाई यांस सप्रेम भेट', खाली माझं आडनाव आणि 'कर्वेनगर'. लग्नात विहिणीच्या मानाचं म्हणून जे ताट मी स्वतः भांडीवाल्यासमोर उभं राहून कोरून घेतलं होतं, तेच. त्याने 'सप्रेम'मधला 'प्रे' जरा तिरका काढला होता. तो तिरका 'प्रे' माझ्याकडे बघत होता.

धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. विहीणबाई! ज्यांच्या पुढ्यात लग्नात मी पानाचा विडासुद्धा दोन्ही हातांनी धरला, त्यांना मी बाळा म्हणालो. आईला विचार म्हणालो. मोहनावरून बोललो! मग एकेक उलगडत गेलं. आपली सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली, आक्षेप, निकाली, प्रलंबित हे शब्द दुसरं कोण वापरणार? एवढं उघड असून मला कळलं नाही, कारण गेली चार वर्षं मी आपल्या तोंडून 'छान झालं हो सगळं' याखेरीज काही ऐकलेलंच नाही.

तर 'कंपासपेटी' म्हणजे मी. बाळा या शब्दाबद्दल हात जोडून क्षमा मागतो. चकली मान्य केली आहे, फोटो लेखाच्या माथ्यावर चढवला आहे (ताट कापून, नाव दिसणार नाही याची काळजी घेऊन). पण क्षमेपेक्षा मला आभार मानायचे आहेत आणि ते मला नीट जमत नाहीयेत. आपण माझी गोगलगाय काढलीत, माझी विशेषणं काढलीत, माझं मत काढलंत, आणि त्या बदल्यात मला सकाळी उठायला कारण दिलंत. नम्रताला वाटतं बाबा लॅपटॉपमुळे सुधारले. लॅपटॉपचा काय संबंध! एका माणसाने मला भिडेखातर सोडून दिलं नाही, म्हणून सुधारले. आपले उपकार मी विसरणार नाही.

आप्पासाहेबांना नमस्कार सांगावा. त्यांना हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल, फक्त मोहनाचा भाग वगळावा.

आपला नम्र,
वैजनाथ

ता. क. १ : आपण आप्तेष्ट निघालो म्हटल्यावर 'तटस्थ' या नियमाचं काय, हे तिथल्या कारभाऱ्यांना विचारून घेतलं. ते म्हणतात, चर्चापान वाचलं, नातेवाईक असाल असं कुठेही वाटत नाही, तरी लेखाशेजारी तशी नोंद करून पुढे चालू द्या. नोंद केली.

ता. क. २ : ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. काल आपण लिहिलंत की सर्व आक्षेप निकाली, पुढच्या रविवारी शिक्का. तो मारू नये ही विनंती. शिक्का बसला की चर्चापान बंद होतं, आणि आपण पुन्हा फोनवर 'मजेत ना' वर येऊ. हे पत्र वाचून आपण आता मऊ व्हाल याचीच मला धास्ती आहे. तसं करू नका. मी आणखी पुष्कळ चुकू शकतो. आणि माझी परीक्षा पाहायची नसेल तर मीच आपली पाहतो : लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात, सर्पिलाच्या लांबीच्या हिशेबात, मी मुद्दाम एक चूक ठेवली आहे. बघू सापडते का.

ता. क. ३ : मुद्दाम ठेवलेली नाही. सूत्राने एक लांबी येते, ड्रॉइंग शीटवर सर्पिल काढून वर दोरा अंथरला की दुसरीच येते. पाच दिवस झाले, एकट्याला सापडत नाही. याल का?