गार बोटं आणि अर्धी मिशी

तीर्थस्वरूप ताईस,

तुला वाकून नमस्कार, आणि दाजींना त्यांच्या गुडघ्यासकट. (गुडघा कसा आहे ते कळव. मागच्या पत्रात तू गुडघ्याबद्दल पानभर लिहिलंस, दाजींबद्दल अवाक्षर नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी तेवढा गारठलोय.

घरापासून दुकानापर्यंतचा माझा रस्ता नदीच्या कडेने जातो. सकाळी सायकलवरून पोहोचेपर्यंत बोटांचं लाकूड होतं. दुसरा कुणी असता तर चाललं असतं, पण मी पडलो दाढी-कटिंगवाला. माझे हात थेट लोकांच्या मानेवर जातात. बोट लागलं की गिऱ्हाईक खुर्चीत उडतं. काही जण तर समोरच्या दुकानात जायला लागले (तिथला कारागीर चालत येतो, हात खिशात घालून).

बाजारात चांगले हातमोजे पाहिले. किंमत ऐकून हात खिशातून बाहेरच काढला नाही. मग घरगुती उपाय सुरू झाले. आधी पायमोजेच हातात चढवले, एकावर एक. ऊब आली, पण ब्रेक काही दाबता येईना, आणि मी थांबलो तो फुलवालीच्या बादल्यांत. ती शांतपणे म्हणाली, "दादा, पायातलं हातात घातलंत, आता टोपी कुठे घालणार?" मग तुझ्या वहिनीने मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. वारा अडला, पण आत असा घाम सुटला की दुकानात पोहोचलो तेव्हा हात भिजवलेल्या धुण्यासारखे झाले होते.

त्यानंतर उकडलेले बटाटे. (ही कल्पना माझी, वहिनीला बोल लावू नकोस.) खिशात गरम बटाटे ठेवायचे आणि सिग्नलला हात शेकायचे. पहिल्याच सिग्नलला मागून हॉर्न वाजला, मी दचकून मूठ आवळली आणि बटाटा खिशातच पसरला. दुकानात येऊन हात धुवावे लागले, तेही नळाच्या बर्फासारख्या पाण्याने. तेवढ्यात एक भारदस्त गृहस्थ खुर्चीत येऊन बसले. मिशी फक्त टोकाला सारखी करायची होती. मी गालाला बोट लावलं, ते दचकले, आणि वस्तऱ्याने आपलं काम केलं. त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं.

"दुसरी बाजू सारखी करू का?" मी विचारलं.

"हात लावू नका," ते म्हणाले, आणि तोंडाला मफलर गुंडाळून निघून गेले.

त्याच संध्याकाळी तेलाचे रिकामे कॅन कापले आणि हँडलवर दोन्ही बाजूंना उलटे बांधले. हात आत, ब्रेकही आत, वारा बाहेर. फुकटात काम झालं. सायकल फेरीवाल्याची वाटते, लोक तेल आहे का विचारतात, पण हात इतके उबदार राहतात की काल एक गिऱ्हाईक दाढी करता करता घोरायला लागलं.

मुलांना आशीर्वाद, दाजींना जपून चालायला सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. दचकण्याआधी ते गृहस्थ मोठ्या खुशीत बोलत होते. रविवारी मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ते ज्यांच्या घरी जाणार होते, ते घर तुझं आहे. तुझ्या थोरल्याचे होणारे सासरे ते. तेव्हा त्यांच्या ओठांकडे बघू नकोस, दाजींना हसू आवरायला सांग, आणि बैठकीतला माझा फोटो कपाटात ठेव. मामाची चौकशी केलीच, तर तो परदेशी असतो म्हण.

आणखी एक. लग्नाची तारीख जरा लांबवता आली तर बघ. ओळखू येऊ नये म्हणून मी मिशी राखायला घेतलीय, ती पुरती यायला हवी. त्यांचीही.